‘हाई खरं शे का?’ : ऐतिहासिक कादंबरी ऑनलाइन गटाने वाचायची तर

आमचा पहिला वाचनगट तिसऱ्या आठवड्यात मोडला. पुस्तक चांगलं होतं, माणसंही चांगली होती. रात्री साडेदहाला एकाने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘हा प्रसंग लेखकाने मनचा घातलाय.’ दुसऱ्याने लगेच लिहिलं, ‘आमच्या घराण्यात ही गोष्ट सात पिढ्या सांगतात, तुम्ही कोण खोटं म्हणणारे?’ साडेअकरापर्यंत चौघे गट सोडून गेले होते. सकाळी उरलेल्यांपैकी एकाने गुलाबाचं फूल घालून ‘शुभ सकाळ’ टाकलं आणि त्यानंतर त्या गटात कुणी काही लिहिलं नाही.

ही २०२४ ची गोष्ट. फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं, ग्रंथदालनातून पिशव्या भरभरून पुस्तकं घरी आली आणि त्या भरात आम्ही गट काढला होता. पुढच्या वर्षी पुन्हा काढला, तो टिकला. मधल्या काळात माझ्या एक लक्षात आलं. ऐतिहासिक कादंबरी वाचताना प्रत्येकाच्या मनात दर दहा पानांनी एकच प्रश्न येतो, आमच्याकडे तो अहिराणीत ‘हाई खरं शे का?’ (हे खरं आहे का?) असा येतो. त्या प्रश्नाला बसायला वेगळा पाट दिला नाही, तर तो पंगतीत सगळ्यांच्या ताटावर येऊन बसतो. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या पाटाबद्दलच आहे. बाकीचं कुणीही सांगेल.

माणसं जमवताना

आठ ते पंधरा. आठाच्या खाली गेलात तर दोन लग्नं आणि एक ताप यात रविवार बुडतो. पंधराच्या वर गेलात तर बोलणारे पाच आणि नुसते बघणारे वीस. आमच्यात चौदा जण आहेत. धुळे, अमळनेर, पारोळा, रावेर, शहादा इथले बारा, आणि दोघं सुरतेत (खान्देशातल्या प्रत्येक घराचा एक खांब सुरतेत असतोच). मोडी वाचता येणारे निवृत्त नाना आहेत, केळीबागवाला भाऊ आहे, शहाद्याकडच्या आश्रमशाळेतले सर आहेत. एक वहिनी स्वतःसाठी वाचत नाही, रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. त्या दोघी मिळून आम्ही एक सभासद धरतो. मजा अशी की चर्चेत सासूबाईच जास्त बोलतात.

गटाची लिंक कुठेही टाकू नका. एकेकाला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. आठवड्याला दोन तास निघतील का? आणि कादंबरीत आपल्या आवडत्या माणसाचं काही वाकडं दिसलं तर चालेल का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ‘आमच्या राजाला कादंबरीत शिंकसुद्धा येता कामा नये’ असं वाटणारा माणूस सज्जन असतो, जेवायला बोलवावा असा असतो, पण या कामाला त्याचा उपयोग नाही. हे आधी कळलं तर संबंध टिकतात.

कारभारी दोन हवेत. एकाने फोनचं बघायचं, दुसऱ्याने पुस्तकाचं. व्हॉट्सॲपवर दोन गट करा. एकात फक्त कारभाऱ्यांना लिहिता येईल अशी सोय ठेवा. या आठवड्याचा हप्ता, रविवारची वेळ, गुगल मीटची लिंक एवढंच तिथे जाईल. दुसरा गप्पांचा. आमच्याकडे पहिल्याचं नाव ‘फलक’, दुसऱ्याचं ‘ओटा’. एकच गट ठेवला तर हप्त्याचा निरोप चाळीस अंगठ्यांखाली गाडला जातो आणि शनिवारी रात्री तिघांचा फोन येतो, ‘ताई, कुठपर्यंत वाचायचं होतं?’ निरोप पिन करता येतो, पण पिन जास्तीत जास्त तीस दिवस राहतो, तेव्हा महिन्याने परत लावावा लागतो.

पुस्तक कोणतं

पहिल्या वेळी शिवकाळ घेऊ नका. असं म्हटलं की लोक दचकतात. शिवकाळातले प्रसंग आपल्याला कादंबरी उघडण्याआधीच पाठ असतात. शाळेतून, पोवाड्यातून, सिनेमातून आलेले असतात. मग माणूस पुस्तक वाचत नाही, डोक्यातल्या गोष्टीशी ताडून बघतो आणि फरक दिसला की चिडतो. पहिली कादंबरी अशा काळातली घ्या ज्यातलं कमी माहीत आहे आणि ज्याचे कागद भरपूर आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा काळ त्यासाठी सोन्यासारखा. पत्रं आहेत, हिशेब आहेत, इंग्रजांचे अहवाल आहेत, आणि ‘आमचे’ म्हणून कुणाच्या बाजूने उभं राहावं हे पटकन कळत नाही. गटासाठी ही स्थिती उत्तम.

आम्ही घेतलेली कादंबरी दुसऱ्या बाजीरावाच्या दिवसांतली होती, बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिच्यात वावरतात. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तेच पुस्तक शोधत बसाल.

निवडण्याआधी एक साधी चौकशी करा: चौदा प्रती मिळतील का? जळगाव, धुळे, अमळनेरच्या वाचनालयांत मिळून पाच-सहा निघतात, चार-पाच जण विकत घेतात, उरलेल्या दोघा-दोघांत एक. पीडीएफचा मोह होतो. चालू लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ गटात फिरवली की ती चोरीच, मग ती ‘फक्त आपल्यातच’ फिरवली असली तरी. आम्ही पहिल्याच दिवशी तसं लिहून टाकलं. फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर जुनं वाचा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मोकळं होतं. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले. यांचं लेखन कुणीही वाटून वाचावं. भाषा जुनी वाटते, पण सासूबाईंना वाचून दाखवायला तीच बरी.

हप्ते

हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत. लोक आठवडाभर थांबत, बोलत, पुढचं ओळखायचा प्रयत्न करत. म्हणजे आपण काही नवीन करत नाही, फक्त टपालाच्या जागी फोन आलाय.

आठवड्याला साठ पानं. पानाला दोन मिनिटं धरली तर दोन तास. चारशे ऐंशी पानांची कादंबरी आठ आठवड्यांत होते आणि आठ आठवडे हा गटाचा जीव आहे. त्यापुढे माणसं गळायला लागतात. पण ‘पान १२१ ते १८०’ असं कधी लिहू नका. वाचनालयाची जुनी आवृत्ती, दुकानातली नवी आवृत्ती आणि कुणाच्या मामांकडची त्याहून जुनी, यांची पानं जुळत नाहीत. प्रकरणाचा आकडा द्या, शिवाय हप्त्याचे पहिले चार शब्द आणि शेवटचे चार शब्द टाइप करून द्या. पाच मिनिटांचं काम, पण त्याने अर्धी गफलत टळते.

केव्हा सुरू करायचं हे शेतावरून ठरवा. मृगात पेरणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई बसते. या दिवसांत पुस्तक उशाखाली जातं ते बाहेर येत नाही. आम्ही संक्रांतीनंतरच्या रविवारी सुरुवात करतो आणि लग्नसराईचा जोर वाढायच्या आत संपवतो. पाण्याची पाळी रात्रीची असेल तर रावेरचा भाऊ विहिरीवर खाटेवर बसून वाचतो आणि पहाटे तीनला आवाजी निरोप टाकतो. म्हणून ओट्यावर सूचनेचा आवाज बंद ठेवायचा, हा आमचा लेखी नियम आहे.

आवाजी निरोपांबद्दल आणखी थोडं. ते दोन मिनिटांच्या आत हवेत आणि अहिराणीत चालतात, किंबहुना बरेच असतात. ज्यांना टाइप करायचा कंटाळा ती माणसं बोलू लागतात. एरवी ‘छान’ एवढंच लिहिणारे नाना अहिराणीत बोलायला लागले की त्यांना आवरावं लागतं.

आणि रहस्यफोडीचं काय? इतिहासात शेवट सगळ्यांना माहीतच असतो. पेशवाई बुडणार हे कुणापासून लपवणार? आमचा नियम एवढाच: इतिहासात पुढे काय झालं ते बोला, कादंबरीत पुढे काय येतं ते बोलू नका.

वही

आता तो पाट. गुगल शीटवर एक वही उघडा, सगळ्यांना लिहिता येईल अशी. रकाने चार: प्रकरण, प्रश्न, कोणी विचारला, शेरा. वाचताना ‘हे खरंच झालं का?’ असं वाटलं की ओट्यावर लिहायचं नाही, वहीत लिहायचं. त्यावर ओट्यावर वाद नाही. उत्तर रविवारी, हातात आधार घेऊन.

शेऱ्याच्या रकान्यात तीनच शिक्के. ‘कागद शे’ म्हणजे त्या काळचं पत्र, हिशेब, अहवाल असं काही दाखवता येतं. ‘सांगतस’ म्हणजे बखरीत, पोवाड्यात, घराण्यात, गावात सांगतात. ‘लेखकनं’ म्हणजे लेखकाने रचलं. तिसऱ्या शिक्क्याला कुणी कमी लेखू नये, नाहीतर कादंबरी वाचायची कशाला? गादीवर पडून माणूस काय विचार करत होता याचा कागद कुठून येणार?

एक ओळ कशी भरते ते दाखवते. त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून, ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, तो प्रसंग. (तोच किल्ला, जिथे आज ठाण्याचं कारागृह आहे.) सुरतेच्या वहिनींनी वहीत लिहिलं, ‘बाहेरून मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) गाणं म्हणतो आणि गाण्यातून पळायचा बेत सांगतो, हाई खरं शे का?’ त्या आठवड्यात तिघांनी शोधलं. निसटल्याची तारीख पक्की, १२ सप्टेंबर १८१६. इंग्रजांच्या कागदांत ती आहे. त्यामुळे ‘निसटले’ याला ‘कागद शे’. गाण्याचं काय? बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेतल्या त्र्यंबकजींना पाहिलं होतं. गाण्याची गोष्ट त्याच्या प्रवासवर्णनात येते: पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवलेले, त्यांना मराठी येत नव्हतं, आणि मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गात होता. म्हणजे घटना घडून आठ वर्षांनी, ऐकीव. शिक्का ‘सांगतस’. मग त्या संध्याकाळी त्र्यंबकजींच्या मनात काय चाललं होतं, ती दोन पानं ‘लेखकनं’. एकाच प्रसंगाला तीन शिक्के लागले आणि कुणाचा आवाज चढला नाही. उलट नाना म्हणाले, ‘लेखकनं’वाली दोन पानंच सगळ्यात चांगली आहेत.

आधार म्हणजे पुस्तकाचं नाव, खंड, पान. फॉरवर्ड हा आधार नाही. व्हिडिओ हा आधार नाही, मागे तुतारी वाजत असली तरी. आणि घराण्यात सात पिढ्या सांगतात ती गोष्ट ‘सांगतस’ मध्ये जाते, त्यात अपमान नाही. बखरीसुद्धा तिथेच बसतात. पहिल्या गटाच्या वेळी हा रकाना असता, तर ते गृहस्थ आज आमच्यात असते असं मला वाटतं.

शोधायचं कुठे? खान्देशासाठी पहिलं दार म्हणजे मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड, १८८० चा, इंटरनेटवर फुकट मिळतो. इंग्रजी आहे आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेला आहे, हे डोक्यात ठेवून वाचायचा. मराठी कागदांसाठी इतिहासकार वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे बावीस खंड. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. आपल्या दाराशी गंगा आहे आणि आपण युट्यूबवर पाणी शोधतो. सगळे खंड वाचायचे नसतात. सूचीत नाव बघायचं, पान काढायचं, फोटो वहीत चिकटवायचा. एका आठवड्यात पाचच प्रश्न शोधायला घ्या, जास्त घेतले तर कादंबरी बाजूला राहून सगळे संशोधक होतात. आमच्याकडे चौथ्या आठवड्यात तसं झालंच. दोन जण पुस्तक सोडून नुसते खंड चाळत बसले होते, त्यांना परत आणावं लागलं.

सन, कोस, रुपया

जुनी पत्रं बघायला गेलात की तारखेवर अडाल. ‘सबा अशर मयातैन व अलफ’ असं काहीतरी दिसतं आणि माणूस पान मिटतो. हा सुहूर सन, त्याला अरबी सन किंवा मृगसालही म्हणतात, कारण तो सूर्य मृगात शिरला की बदलतो. म्हणजे आपल्या पेरणीचं वर्ष. आकडे अरबी आणि उलटे वाचायचे: सबा सात, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२१७. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. १२१७ अधिक ५९९ म्हणजे १८१६, त्र्यंबकजी निसटले ते वर्ष. शक असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांत ७९. नानांनी इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा अशी नवांची यादी फलकावर टाकली आणि केळीवाल्या भावाने त्या आठवड्यात केळीच्या गाडीची तारीख सुहूर सनात लिहून पाठवली.

कोस म्हणजे साधारण दोन मैल, तीन किलोमीटरच्या आसपास, पण मुलखामुलखात कमी-जास्त. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. रुपयाही एक नाही. आपल्याकडच्या हिशेबांत चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी येतो. कादंबरीत ‘पाच हजार रुपये’ आले की आजचे किती असं विचारू नका. त्याच कागदातल्या शिपायाच्या महिन्याशी तुलना करा, मग अंगावर येतं.

शब्दांसाठी वहीतच दुसरं पान. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. आश्रमशाळेतल्या सरांनी लिहिलं, ‘स्वतःची मोटरसायकल आणि कंपनीची मोटरसायकल’, झालं, पुन्हा कुणी विसरलं नाही. मक्ता (वसुलीचा ठेका), सरंजाम (चाकरीबद्दल नेमून दिलेला मुलूख), कमाविसदार (परगण्याचा वसुली अधिकारी) हे तीन शब्द नीट कळले तर बाजीरावाच्या काळातल्या निम्म्या भानगडी कळतात. परगण्याचा वसूल जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने द्यायचा, मग त्याने रयतेकडून कसा काढायचा ते त्याचं तो बघणार. गावाकडच्या माणसाला यावर भाष्य लागत नाही.

नकाशा हाताने काढा. तापी आडवी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर तिला मिळताना, वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग. चाळीसगावचा घाट आणि सेंधव्याकडचा घाट दाखवा. एवढ्यावर उत्तरेकडे जाणाऱ्या फौजा का इथूनच जातात हे दिसतं, आणि तापीला पूर असताना कुणी उतार ओलांडत असेल तर वहीत प्रश्न आपोआप येतो.

रविवारचा तास

मीटच्या फुकट खात्यावर तिघांहून जास्त असलात तर साठ मिनिटांत बैठक तुटते. झूमवर चाळीस. आम्ही साठ घेतली आणि ती मर्यादा आम्हाला पावली. जेवणं उरकून साडेआठला बसतो, साडेनऊला यंत्रच उठवतं. वीज गेली तर ज्याच्याकडे नेट आहे त्याने पुढे न्यायचं, मागे वळून सांगत बसायचं नाही.

सुरुवातीला प्रत्येकाने हप्त्यातला एक उतारा सांगायचा, फक्त उतारा, मत नाही. दहा मिनिटं. मग ज्याची पाळी असेल त्याचे तीन प्रश्न. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न बंद. त्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. प्रश्न पुस्तकात बोट घालणारे हवेत. या प्रकरणात कोण गप्प बसलंय? हा निर्णय झाला तेव्हा खोलीत कोण कोण होतं? लेखक हवामान केव्हा सांगतो? बाई बोलते तेव्हा तिचं वाक्य कुणाच्या वाक्याने तोडलंय? हा शेवटचा सासूबाईंचा, आणि त्यावर चाळीस मिनिटं गेली. वही त्या दिवशी उघडलीच नाही. चालतं. पण एरवी शेवटची पंधरा-वीस मिनिटं वहीची.

बोलणाऱ्याला तोडायचं काम कारभाऱ्याचं, आणि ते नात्याने करता येतं: ‘नाना, थांबा, शहाद्याचे सर कधीचे हात वर करून बसलेत.’ नाव घेऊन गप्प माणसाला बोलतं करा, पण न वाचता आलेल्याला उघडं पाडू नका. त्याने ऐकावं. पुढच्या आठवड्यात वाचून येतो.

कुणाच्या डोळ्यांनी

पाचव्या रविवारी शहाद्याचे सर म्हणाले, ‘दोनशे चाळीस पानं झाली. भिल्ल सात वेळा आले. सातही वेळा दरोडा घालायला किंवा मारले जायला. एकालाही नाव नाही.’ सर स्वतः भिल्ल समाजातले. बैठकीत कुणी बोलेना. त्यांनी मोजून आणलं होतं, तेव्हा वाद घालायला जागाच नव्हती.

पुढचा आठवडा आम्ही तेवढंच शोधलं. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खान्देश उजाड केला, १८०३-०४ मध्ये मोठा दुष्काळ पडला. गावाची राखण करणाऱ्या भिल्ल जागल्यांचे हक्क बुडाले, गावंच ओस पडली, आणि ती माणसं डोंगरात गेली. हे गॅझेटियरमध्येच आहे, त्याच पानांच्या आसपास जिथे त्यांना लुटारू म्हटलंय. इंग्रजांनी पुढे १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती त्याच लोकांतून. कादंबरीकाराला हे ठाऊक असेल-नसेल, पण पुण्याच्या वाड्यातून गोष्ट सांगायची ठरवली की खान्देश फक्त ‘तिकडे’ उरतो.

गटाने ऐतिहासिक कादंबरी वाचायची तर हा एक फेरा जरूर मारा: कुणाला नाव आहे, कुणाला नाही, याची मोजदाद. पाचव्या आठवड्याच्या आधी नको, आधी पुस्तकाला बोलू द्या. आणि मोजूनच आणा. नुसतं ‘लेखक अमुक विरोधी आहे’ म्हटलं की पहिल्या गटाची ती रात्र परत येते.

एक दिवस बाहेर

गट ऑनलाइन असला तरी एकदा भेटा, आणि पुस्तकातल्या जागी भेटा. आमच्या कादंबरीत थाळनेर अर्ध्या ओळीत येतं. शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. खान्देशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी, त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी खान्देशातली ठाणी इंग्रजांना दिली. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप थाळनेरला आला तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामांनी किल्ला सोडला नाही. तोफा झाल्या, मग बोलणी झाली, दरवाजात गडबड होऊन दोन इंग्रज अधिकारी मेले. आतली शिबंदी, बहुतेक अरब, कापून काढली आणि त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिलं. त्या फाशीवरून ब्रिटिश पार्लमेंटातही बोललं गेलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही नऊ जण गेलो. भरिताची वांगी अजून होती, म्हणून भरीत, कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा बरोबर. किल्ला म्हणजे ढासळलेले बुरूज आणि खाली नदी. सरांनी गॅझेटियरचं पान मोठ्याने मराठीत सांगितलं, सासूबाईंना वाचून दाखवणाऱ्या वहिनींनी कादंबरीतली अर्धी ओळ वाचली. सुरतेचे दोघं व्हिडिओवर होते, त्यांना वाऱ्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. वाऱ्याच्या जागी जाणार असाल तर साधा वायरचा माइक घेऊन जा, आणि पाणी दुप्पट न्या, फेब्रुवारीतही.

शेवटचा आठवडा

शेवटच्या बैठकीआधी तीन दिवस ओटा बंद ठेवा. प्रत्येकाने पान-अर्धं पान स्वतःचं लिहावं किंवा बोलून ठेवावं, दुसऱ्याचं न ऐकता. नाहीतर पहिला जे बोलतो तेच चौदा जण बोलतात. मग वही वरपासून खाली वाचायची. आमच्या वहीत ब्याण्णव ओळी झाल्या. सगळ्यात जास्त ‘लेखकनं’, आणि त्यातल्या कित्येक ओळींपुढे कुणी ना कुणी बदाम काढलेला.

वही पुसायची नाही, पुढच्या पुस्तकाला तीच पुढे चालवायची. काही ओळींपुढचा शेरा मुद्दाम कोरा ठेवलाय. एक सुरतेच्या वहिनींचीच: हेबरने मोतद्दाराच्या गाण्याचं इंग्रजी पद्य दिलंय, तर मराठीतले शब्द काय असतील? नानांना वाटतं पोवाड्याचं ध्रुपद असेल. सासूबाई म्हणाल्या, ‘पोवाडा कशाला म्हणेल, पहारेकरी कान देतील ना. जात्यावरची ओवी म्हटली असेल. तिच्याकडे कोण पुरुष लक्ष देतो?’